कथेची मालकी आणि कथेची भाषा : डिस्ने कंपनीचे व्यवसायतत्त्वज्ञान व मराठी बालप्रेक्षक

प्रास्ताविक

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे कल्याण-निर्मल महामार्गावरील रहदारीचे गाव. तेथून काही किलोमीटरवर मढी येथे कानिफनाथांचे समाधिस्थान आहे. रंगपंचमीच्या सुमारास भरणाऱ्या मढीच्या यात्रेस महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून भटक्या-विमुक्त जमाती येतात. तेथील गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. या परिसरात कथा पिढ्यान्‌पिढ्या दोन वाटांनी आली. एक वाट पोथीची. धुंडिसुत मालू यांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या १८१९ मधील ओवीबद्ध ग्रंथाची पारायणे घरोघर होतात. दुसरी वाट फिरस्त्या कलावंतांची : गोंधळी, वासुदेव, बहुरूपी, चित्रकथी आणि जत्रेतला तमाशाचा फड. अलीकडे या दोन वाटांना तिसरी वाट मिळाली आहे. ती दूरचित्रवाणीच्या संचातून आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून येते. या तिसऱ्या वाटेवरील सर्वांत मोठ्या व जुन्या संस्थांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने कंपनी होय.

डिस्नेच्या सांस्कृतिक प्रभावाची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘पाश्चात्त्य संस्कारांचे आक्रमण’ या एकाच सूत्राभोवती होते. प्रस्तुत लेखात या सूत्राची मर्यादा दाखवून दोन वेगळे प्रश्न पुढे ठेवले आहेत. पहिला प्रश्न मालकीचा : या कंपनीने सर्वांची असलेली कथा खाजगी मालमत्ता कशी बनविली? दुसरा प्रश्न भाषेचा : ही कथा कोणत्या मुलाला कोणत्या भाषेत ऐकू यावी, हे कोण ठरविते? या प्रश्नांची तपासणी करताना मराठी मुलखातील ‘प्रभात फिल्म कंपनी’चा अनुभव तुलनेसाठी घेतला आहे.

हरवलेल्या सशाचा धडा

वॉल्ट आणि रॉय या डिस्ने बंधूंनी १६ ऑक्टोबर १९२३ रोजी आपली कंपनी स्थापन केली. १९२७ मध्ये त्यांनी ‘ऑस्वल्ड’ नावाचा ससा पडद्यावर आणला व तो लोकप्रियही झाला. १९२८ मध्ये अधिक मोबदल्याची मागणी करण्यासाठी वॉल्ट न्यूयॉर्कला गेले, तेव्हा वितरक चार्ल्स मिन्ट्झ यांनी मोबदला वाढविण्याऐवजी कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. डिस्नेच्या बहुतेक चित्रकारांना त्यांनी आधीच आपल्याकडे वळविले होते आणि सशाचे हक्क युनिव्हर्सल कंपनीकडे होते. निर्मात्याला स्वतःच्या निर्मितीवर पाणी सोडावे लागले. त्यानंतर जन्मलेला मिकी माउस १८ नोव्हेंबर १९२८ रोजी ‘स्टीमबोट विली’मधून प्रेक्षकांसमोर आला. त्याचे आरंभीचे रेखाटन अब आयवर्क्स या चित्रकाराचे होते; परंतु त्याची मालकी मात्र पूर्णतः कंपनीची होती.

या प्रसंगाकडे कंपनीच्या चरित्रातील एक रंजक आख्यायिका म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो तिच्या तत्त्वज्ञानाचा पाया आहे. ‘आनंद निर्माण करणे’ हे कंपनीचे जाहीर ध्येय असले, तरी ‘जे निर्माण केले ते हातचे जाऊ द्यायचे नाही’ हे तिचे कार्यकारी ध्येय १९२८ मध्येच निश्चित झाले. पुढे २००६ मध्ये कंपनीने तोच ऑस्वल्ड ससा युनिव्हर्सलकडून परत मिळविला; बदल्यात आपल्या समूहातील एका वाहिनीच्या क्रीडासमालोचकाला करारातून मुक्त केले. ७८ वर्षांनंतरही हिशेब पूर्ण करणाऱ्या संस्थेची स्मृती भावनिक नसते, ती कायदेशीर असते.

या स्मृतीचे व्यापारी रूप लवकरच आकारास आले. १९३२ मध्ये के कॅमेन यांच्याकडे वस्तुविक्रीच्या परवान्यांचे काम सोपविण्यात आले आणि १९३३ मध्ये मिकीचे चित्र असलेले घड्याळ बाजारात आले. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘डिस्नेलँड’ उघडले. त्यासाठीचे भांडवल आणि जाहिरात या दोन्ही गरजा एबीसी वाहिनीवरील कार्यक्रमाने भागविल्या. १९५७ मध्ये कंपनीने आपल्या व्यवसायाचा एक आराखडा चित्ररूपात काढला. त्यात मध्यभागी चित्रपट आणि भोवती दूरचित्रवाणी, संगीत, चित्रकथा, खेळणी व उद्यान असून या सर्वांना जोडणारे बाण आहेत. प्रत्येक घटक दुसऱ्याची विक्री वाढवितो. पिक्सार (२००६), मार्व्हल (२००९), लुकासफिल्म (२०१२) आणि ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी फॉक्स (२०१९) या संस्थांची खरेदी ही त्याच आराखड्याची वाढलेली आवृत्ती होय. या खरेद्यांतून कंपनीला मुख्यतः पात्रे मिळाली, आणि पात्र म्हणजे कधीही म्हातारा न होणारा नट.

सामाईक कथेचे खाजगीकरण

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. डिस्नेच्या ज्या चित्रपटांनी कंपनीला मोठे केले, त्यांपैकी अनेकांच्या कथा तिच्या स्वतःच्या नव्हत्या. ‘स्नो व्हाइट’ (१९३७) ग्रिम बंधूंनी संकलित केलेल्या जर्मन लोककथेवर, ‘सिंड्रेला’ (१९५०) पेरोच्या फ्रेंच कथेवर, तर ‘अल्लादीन’ (१९९२) अरबी कथापरंपरेवर आधारलेला आहे. लोकांच्या सामाईक ठेव्यातून कंपनीने मुक्तपणे घेतले. परंतु त्या ठेव्यात परत टाकण्याची वेळ आली तेव्हा तिची भूमिका वेगळी होती. अमेरिकेत १९९८ मध्ये झालेल्या कायद्याने प्रताधिकाराची मुदत २० वर्षांनी वाढविली. हा कायदा व्हावा यासाठी प्रयत्न करणाऱ्यांत डिस्ने अग्रभागी होती. परिणामी ‘स्टीमबोट विली’ हा लघुपट सार्वजनिक मालकीत येण्यास १ जानेवारी २०२४ हा दिवस उजाडावा लागला.

कायद्यापेक्षाही खोल परिणाम कल्पनाशक्तीवर होतो. लोककथेला एकच अधिकृत चेहरा नसतो. सांगणारा बदलला की ती बदलते. डिस्नेच्या चित्रपटाने मात्र प्रत्येक कथेला एक चेहरा, एक पोशाख आणि एक शेवट दिला. रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’चे उदाहरण महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. किपलिंगचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला आणि त्याच्या कथेतील शिवनीचे अरण्य विदर्भाला लागून आहे. आजचे पेंच अभयारण्य दोन्ही राज्यांत पसरले आहे. किपलिंगचा बल्लू अस्वल हा शिस्तीचा, प्रसंगी हात उगारणारा शिक्षक आहे आणि का हा अजगर मोगलीचा सामर्थ्यशाली साहाय्यक आहे. १९६७ च्या डिस्नेपटात बल्लू हा निश्चिंत, ऐदी मित्र झाला आणि का खलपात्र झाला. ‘जंगलाचा कायदा’ हा किपलिंगच्या कथेचा कणा. त्या कायद्यात साम्राज्यवादी शिस्तीचा वास आहे हे खरे. पण तेथे ज्ञान कष्टाने मिळवावे लागते. डिस्नेने साम्राज्याबरोबर कष्टही काढून टाकले व जगण्याला सुटीचे रूप दिले. आज ‘बल्लू’ म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांसमोर जो उभा राहतो तो किपलिंगचा नव्हे, डिस्नेचा.

एरिअल डॉर्फमन व आर्मांड मॅटेलार्ट यांनी १९७१ मध्ये चिलीत डोनाल्ड डकच्या चित्रकथांची कठोर चिकित्सा केली. आईबापांविना वाढणारी पुतणे मंडळी, श्रमाविना सापडणारी संपत्ती आणि ‘रानटी’ देशांतून सहज मिळणारा खजिना, यांत त्यांना साम्राज्यवादी विचारसरणी दिसली. १९७३ च्या लष्करी उठावानंतर त्या पुस्तकाच्या प्रती नष्ट करण्यात आल्या, यावरून त्या टीकेची धार कळते. मात्र त्या चिकित्सेचा एक दोष असा, की ती वाचकाला कोरी पाटी समजते. मूल जे पाहते ते जसेच्या तसे आत्मसात करते असे नव्हे. अ‍ॅलन ब्रायमन यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात वेगळी दिशा घेतली. त्यांच्या मते डिस्नेचा खरा प्रभाव चित्रपटातील आशयापेक्षा तिच्या कार्यपद्धतीच्या प्रसारात आहे : स्थळाला कथेचा मुलामा देणे, एका खरेदीला दुसरी खरेदी जोडणे, चिन्ह छापून वस्तू विकणे आणि कर्मचाऱ्याच्या हास्यालाही कामाचा भाग बनविणे. डिस्नेच्या उद्यानांत कर्मचाऱ्याला ‘नटसंचातील सदस्य’ व ग्राहकाला ‘पाहुणा’ म्हणतात, ही केवळ शब्दांची गंमत नाही. १९४१ मध्ये श्रेयनामावलीतील नाव, वेतन व संघटनेचा हक्क यांसाठी याच कंपनीच्या चित्रकारांना संप करावा लागला होता, हे लक्षात घेतले म्हणजे ‘कुटुंब’ आणि ‘नटसंच’ या भाषेमागील सत्तासंबंध स्पष्ट होतो.

प्रभात : दुसऱ्या प्रकारची कंपनी

डिस्नेच्या स्थापनेनंतर सहा वर्षांनी, १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. या दोन कंपन्यांची तुलना आर्थिक आकाराने करणे अप्रस्तुत ठरेल. पण दृष्टिकोनाने करता येते. दोन्ही कंपन्यांनी तंत्रावर प्रभुत्व मिळविले, दोन्हींनी स्वतःचा चित्रपटकारखाना उभारला, दोन्हींनी परंपरेतील कथा घेतल्या. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात ‘संत तुकाराम’चा गौरव झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे ‘स्नो व्हाइट’ सन्मानित झाला.

भेद आहे तो परंपरेकडे पाहण्याच्या रीतीत. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटासाठी कवी शांताराम आठवले यांनी एक अभंग रचला. तो इतका तुकोबांच्या वळणाचा झाला, की अनेक मराठी माणसे आजही तो तुकारामांचाच समजून गातात. कंपनीच्या दृष्टीने पाहिल्यास हा मालमत्तेचा अपव्यय होय. परंपरेच्या दृष्टीने पाहिल्यास यापेक्षा मोठे यश कोणते? प्रभातने तुकोबांना स्वतःचा शिक्का मारला नाही. उलट प्रभातची निर्मिती तुकोबांच्या नावावर जमा झाली. विष्णुपंत पागनीस यांचा चेहरा लोकांच्या मनात तुकोबांचा चेहरा म्हणून ठसला हे खरे. तरी त्यामुळे कोणा कीर्तनकाराला तुकाराम सांगण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

भाषेच्या संदर्भात तर प्रभातचे उदाहरण अधिक मोलाचे ठरते. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) व ‘शेजारी’ (१९४१) हेही दोन्ही भाषांत निघाले. ध्वनिरूपांतराची आजची सोय तेव्हा नव्हती. प्रसंग दोनदा चित्रित करावे लागत, फिल्म दुप्पट लागे, श्रम दुप्पट होत. हिंदीची मोठी बाजारपेठ दिसत असतानाही कंपनीने मराठी आवृत्ती सोडली नाही, कारण ती ज्या लोकांत उभी होती ते लोक मराठी होते.

बालचित्रपटाचे बीजही येथे होते. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्यांना हालचाल देऊन ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. प्रभातने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढला. नायक कोल्हा, म्हणजे पंचतंत्रापासून आजीच्या गोष्टीपर्यंत परिचित असलेला प्राणी. परंतु या प्रयोगाची मालिका झाली नाही. १९४२ मध्ये शांताराम यांनी कंपनी सोडली, भागीदारी विस्कटली आणि १९५३ मध्ये प्रभात बंद पडली. तिच्या जागेत १९६० मध्ये चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. जंबूकाका मिकी झाला नाही. यामागे भांडवल, युद्धकाळ व भागीदारांतील मतभेद ही कारणे होतीच. पण पात्र जपणे, त्याच्या नावावर पुढची पन्नास वर्षे उभी करणे ही दृष्टीही प्रभातपाशी नव्हती. जो गुण संत तुकारामाच्या बाबतीत औदार्य ठरला, तोच जंबूकाकाच्या बाबतीत विस्मरण ठरला.

स्वातंत्र्योत्तर काळात डिस्नेचा वारसा मुंबईत आला तो मात्र व्यापारी मार्गाने नव्हे. भारतात जन्मलेले व डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये अमेरिकी तांत्रिक साहाय्य योजनेतून फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली अ‍ॅनिमेशन विभाग उभा राहिला, जी. के. गोखले व राम मोहन यांच्यासारखे कलावंत तयार झाले आणि १९५७ मध्ये जातककथेवरील ‘द बनियन डियर’ हा लघुपट निघाला. म्हणजे डिस्नेची कला मालकीच्या अटीविना आत्मसात करता येते, हे मुंबईत सिद्ध झालेले आहे. कला आणि कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद समीक्षेने कायम ठेवला पाहिजे.

आईला मराठी, मुलाला हिंदी

डिस्नेने भारतात डिसेंबर २००४ मध्ये आपली वाहिनी सुरू केली. २००६ मध्ये तिने यूटीव्हीकडून ‘हंगामा’ ही बालवाहिनी घेतली आणि २०१२ मध्ये यूटीव्हीच ताब्यात घेतली. या वाहिन्यांवर स्वनिर्मित कार्यक्रमांइतकेच जपानी व्यंगचित्रपटांचे हिंदी रूपांतर चालले. त्यांतील ‘डोरेमॉन’ने तर घराघरांत ठाण मांडले. त्याचा भाषिक परिणाम शेजारच्या देशाच्या सरकारनेही ओळखला. मुले हिंदी बोलू लागतात या कारणास्तव बांगलादेशाने २०१३ मध्ये हिंदीतील डोरेमॉनचे प्रक्षेपण रोखले. बंदी हा उपाय योग्य मानता येणार नाही. पण निदान दुर्लक्षण्याजोगे नाही. जपानी पात्र, अमेरिकी कंपनीची वाहिनी, हिंदी भाषा आणि मराठी मूल अशी ही साखळी आहे. ‘पाश्चात्त्य आक्रमण’ या सूत्रात ती बसत नाही.

चित्रपटांच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट होते. ‘द जंगल बुक’ हा २०१६ चा चित्रपट भारतात ८ एप्रिल रोजी, म्हणजे अमेरिकेच्या एक आठवडा आधी प्रदर्शित झाला. भारतीय प्रेक्षक कंपनीस किती महत्त्वाचा वाटतो याचे हे गमक. दूरदर्शनवर १९९० च्या दशकात गाजलेल्या जपानी ‘जंगल बुक’ मालिकेसाठी गुलजार व विशाल भारद्वाज यांनी केलेले हिंदी शीर्षकगीत कंपनीने प्रसिद्धीसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित करविले. म्हणजे मूळ मालिका डिस्नेची नसतानाही तिची स्मृती डिस्नेच्या उपयोगी आली. हा चित्रपट इंग्रजी, हिंदी, तमिळ व तेलुगू या भाषांत आला. २०१९ च्या ‘द लायन किंग’च्याही याच चार भाषा होत्या. शेरखानाचा हिंदी आवाज नाना पाटेकर यांचा होता आणि टिमॉनचा श्रेयस तळपदे यांचा. आवाज मराठी माणसाचा, भाषा मात्र मराठी नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात मराठी मातृभाषिक ८.३० कोटी, तेलुगू ८.११ कोटी व तमिळ ६.९० कोटी होते. संख्येचा निकष लावला तर मराठी आवृत्ती तेलुगू व तमिळ यांच्या आधी यावयास हवी होती. ती आली नाही, कारण निकष संख्येचा नसून सोशिकतेचा आहे. तमिळ व तेलुगू प्रेक्षक हिंदी स्वीकारणार नाही याची कंपनीला खात्री आहे. मराठी प्रेक्षक स्वीकारील याचीही तितकीच खात्री आहे. व्यापारी बुद्धीने पाहता यात कंपनीची चूक काढता येत नाही. ज्याचे तिकीट हिंदीतच विकले जाते, त्याच्यासाठी दुसऱ्या आवृत्तीचा खर्च कोण करील?

तथापि ही कंपनी मराठीला मुळीच ओळखत नव्हती असे म्हणता येणार नाही. २० मार्च २०१९ रोजी फॉक्सच्या खरेदीबरोबर स्टार इंडिया आणि तिची ‘स्टार प्रवाह’ ही नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झालेली मराठी वाहिनी डिस्नेच्या मालकीची झाली. याच काळात, डिसेंबर २०१९ मध्ये, ‘आई कुठे काय करते’ ही मालिका स्टार प्रवाहवर सुरू झाली. तिचे मूळ त्याच समूहाच्या बंगाली वाहिनीवरील ‘श्रीमोयी’ या मालिकेत होते आणि २०२० मध्ये त्याच कथेचा हिंदी अवतार ‘अनुपमा’ या नावाने आला. म्हणजे एकच कथा बंगाली, मराठी व हिंदी या तिन्ही भाषांत, त्या त्या भाषेतील नटसंचासह, नव्याने चित्रित करणे कंपनीला शक्य होते आणि परवडतही होते. प्रभातने दोनदा चित्रीकरण केले ते बांधिलकीपोटी. येथे ते जाहिरातींच्या उत्पन्नापोटी झाले. परंतु झाले, हे महत्त्वाचे.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे कंपनीचे भाषाविषयक धोरण उघड होते. घरातील गृहिणी मराठीतच मालिका पाहील, म्हणून तिच्यासाठी मराठी. घरातील मूल हिंदीत चित्रपट पाहील, म्हणून त्याच्यासाठी हिंदी. आईला मराठी आणि मुलाला हिंदी! एकाच छताखाली, एकाच संचावर दोन पिढ्यांची भाषा अशी विभागली गेली. ज्या वयात भाषेत हसणे, रागावणे, कल्पना करणे रुजते, त्याच वयात मराठीचा वापर अभ्यासापुरता उरतो आणि मौजेची भाषा दुसरी होते. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी हा व्यवसाय रिलायन्सच्या माध्यमव्यवसायात विलीन होऊन ‘जिओस्टार’ अस्तित्वात आली व तीत डिस्नेचा हिस्सा ३६.८४ टक्के राहिला. मालकीचे केंद्र मुंबईत आले. परंतु हिशेबाची रीत त्यामुळे आपोआप बदलेल असे मानण्याचे कारण नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल २०२५ मध्ये, पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा शासननिर्णय निघाला आणि तीव्र विरोधामुळे २९ जून २०२५ रोजी सरकारला माघार घ्यावी लागली. या वादात शाळेच्या वेळापत्रकावर जेवढे बोलले गेले, तेवढे घरातील पडद्यावर बोलले गेले नाही. शासननिर्णय रद्द करता येतो. रोज संध्याकाळी मूल स्वेच्छेने आणि आनंदाने जे शिकते, ते कसे रद्द करणार?

दोन आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की लोकपरंपरेचे हे चित्र अति गोड आहे. आक्षेप रास्त आहे. मढीच्या यात्रेस येणाऱ्या अनेक जमातींवर १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला आणि तो १९५२ मध्ये पुसला गेला. कथा सर्वांची होती, पण ती सांगणाऱ्याच्या पदरात पसाभर धान्यच पडत होते. सामाईकपणाचे गोडवे गाताना कलावंताच्या उपाशी पोटाकडे डोळेझाक करता येणार नाही. मात्र डिस्नेच्या प्रारूपानेही हा प्रश्न सोडविलेला नाही. तेथे मालकी कंपनीची असते, रेखाटणाऱ्या हाताची नसते. आयवर्क्स आणि १९४१ चे संपकरी याचे साक्षी आहेत. अनामिक दारिद्र्य आणि वेतनबद्ध अनामिकता, या दोहोंच्या पलीकडे कथेवर सर्वांचा हक्क आणि कथेकऱ्याला नाव व मोबदला अशी तिसरी व्यवस्था विचारात घ्यावी लागेल.

दुसरा आक्षेप असा, की दोष कंपनीचा नसून मराठी समाजाचा आहे. यातही तथ्य आहे. १९७१ पासून ‘किशोर’ मासिकाच्या रूपाने बालभारतीने मुलांच्या वाचनाची उत्तम सोय केली. तशी सोय पडद्यावर कोणी केली नाही. मराठी चित्रपटाला अनुदान मिळाले, पुरस्कार मिळाले, पण मुलांसाठी सातत्याने सचेतनपट निर्माण करणारी संस्था उभी राहिली नाही. कानिफनाथ हत्तीच्या कानातून प्रकट झाले, ही भक्तिसारातील कथा कोणत्याही सचेतनपटाला आव्हान देईल अशी आहे. मढीपासून मच्छिंद्रनाथांच्या मायंब्यापर्यंतचा डोंगर अशा कथांनी भरलेला आहे. त्या कथांवर कोणाचाही प्रताधिकार नाही. त्या घेण्यास डिस्नेने मनाई केलेली नाही. त्या घेतल्या गेल्या नाहीत इतकेच. मात्र उद्या एखाद्या मोठ्या कंपनीने त्या घेतल्या आणि कानिफनाथांना एक अधिकृत चेहरा व हिंदी आवाज दिला, तर मढीच्या पायथ्याच्या मुलालाही तोच खरा वाटू लागेल. बल्लू अस्वलाचे हेच झाले.

समारोप

डिस्ने कंपनीचे मूल्यमापन करताना तिची कला नाकारण्याचे कारण नाही. रेषेतून भावना उभी करण्याचे जे सामर्थ्य तिने दाखविले, ते विसाव्या शतकातील मोठ्या कलासिद्धींपैकी एक आहे. तिची संस्कृतीही केवळ परकी म्हणून त्याज्य ठरत नाही; मराठी मनाने पर्शियन कथांपासून शेक्सपिअरपर्यंत बरेच काही आपलेसे केले आहे. परंतु जे आपलेसे केले, ते मराठीत आणून केले. आक्षेप आहे तो कथेवर कुंपण घालणाऱ्या तत्त्वज्ञानावर आणि मुलाच्या भाषेचा निर्णय त्याच्या वतीने करणाऱ्या हिशेबावर.

या हिशेबाला उत्तर मागणीनेच देता येते. तमिळ व तेलुगू प्रेक्षकांनी ते दिले आहे. मराठी पालक, शिक्षक आणि वितरक यांनी मराठी आवृत्तीचा आग्रह धरला, तर कंपनी ती काढील. तिचे तत्त्वज्ञान तिला तसे करावयास भागच पाडील. महाविद्यालयांची जबाबदारी याहून थोडी वेगळी आहे. तिसगाव परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत अशी घरे पुष्कळ असतील, जेथे आजही कोणी नाथांची कथा सांगते, कोणी फडाबरोबर फिरलेले असते, कोणी ऊसतोडीच्या तळावर रात्री गोष्टी ऐकलेल्या असतात. मराठी, इतिहास, समाजशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन या कथा सांगणाऱ्याच्या नावानिशी, त्याच्या संमतीने व त्याला मानधन देऊन ध्वनिमुद्रित केल्या, तर आंतरविद्याशाखीय संशोधनाला त्याहून योग्य विषय मिळणे कठीण. अशा संग्रहातील कथा कोणालाही घेता यावी, पण कोणालाही एकट्याची म्हणता येऊ नये, एवढी एक अट पुरेशी आहे.

१९३४ मधील जंबूकाका एकदाच आला आणि गेला. त्याच्यानंतर मराठी मुलाने हसण्यासाठी दुसऱ्यांची पात्रे आणि दुसऱ्यांची भाषा वापरली. त्यात त्या मुलाचा दोष नाही. त्याला हसायचे होते, आणि मराठीत हसविणारे पडद्यावर कोणी नव्हते.